भोपाळात बाजीराव कुठे आहेत?

पुण्याहून पाहुणा आला की आमच्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये एक प्रश्न ठरलेला. या दिवाळीत भाच्याने तो पोह्यांची बशी हातात घेतानाच विचारला, "मामा, बाजीरावांनी निजामाला कोंडलं ती जागा दाखव ना."

बरखेडा म्हणजे भेलची वसाहत. १९५६ साली इथे हेवी इलेक्ट्रिकल्सचं बस्तान बसलं आणि त्याच वर्षी भोपाळ राजधानी झालं. नागपूर-जळगावकडून नोकरीला आलेली आमची माणसं या सरळ रस्त्यांच्या, झाडांच्या वसाहतीत रमली. जुनं शहर आमच्यासाठी लग्नाच्या बस्त्यापुरतं. त्यामुळे इतिहास दाखवायचा म्हटलं की आधी आपणच तो वाचून काढावा लागतो.

सुरुवात कमला पार्कपासून केली. बंधाऱ्याच्या एका बाजूला बडा तालाब, दुसऱ्या बाजूला छोटा. भाचा खूश झाला. "दोन तळ्यांच्या मध्ये सापडला निजाम!" इथे त्याला थांबवावं लागलं. बडा तालाब राजा भोजाचा, अकराव्या शतकातला मानतात. छोटा तालाब मात्र १७९४ सालचा, नवाब हयात मोहम्मद खानाचा दिवाण छोटे खान याने बांधवलेला. लढाई डिसेंबर १७३७ची. म्हणजे हे दुसरं तळं भरायला अजून सत्तावन्न वर्षं होती. शेजारच्या राणी कमलापतीच्या महालाचे खालचे मजले पाण्यात बुडाले असं इथे सगळेच सांगतात, त्याचीही संगती यातच लागते. महाल आधीचा, पाणी नंतरचं. या गोंड राणीचं नाव २०२१ साली आमच्या जवळच्या हबीबगंज स्टेशनला दिलं, एवढीच तिची आम्हाला रोजची ओळख.

निजाम ज्या कोटाच्या आसऱ्याला गेला तो भोपाळ संस्थानाचा संस्थापक दोस्त मोहम्मद खान याने उभारलेला फतेहगढ. आज तिथे सरकारी रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आहे. रिक्षा, स्ट्रेचर, फळांच्या गाड्या यांतून वाट काढत बुरुजापाशी गेलं की ढाई सिढी की मस्जिद लागते. पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी बांधलेली, आपल्या वाड्यातल्या देवघराएवढी. भाच्याने पायऱ्या दोनदा मोजल्या. अर्धी कोणती, यावर आमचं एकमत झालं नाही.

लढाईच्या खुणा म्हणाल तर एवढंच, बाकी गोष्ट पुस्तकातली. बाजीरावांनी रसद तोडली, निजामाच्या मदतीला येणारी फौज होळकर-पवारांनी वाटेतच परतवली, आणि दक्षिणेतून निजामाचा मुलगा नासिरजंग येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा तापीकाठी उभे राहिले. ७ जानेवारी १७३८ला दोराह्याच्या सराईत तह झाला. माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि ५० लाख रुपये खर्चापोटी. ते दोराहा आज सिहोर जिल्ह्यात आहे. भोपाळात मात्र या विजयाचा एक दगड नाही. बाजीराव शहर घ्यायला आलेच नव्हते, निजामाला नमवायला आले होते. काम झालं, निघून गेले.

तरीही इथल्या इमारतींत मराठे आहेत असं माझं मत आहे, फक्त ते दिसत नाहीत. जुन्या भोपाळातल्या नाव घेण्याजोग्या वास्तूंची सालं पाहा. गौहर महाल १८२०. चौकातली जामा मशीद १८३७. मोती मशीद १८६०. त्याआधीच्या शंभर वर्षांत पाहण्याजोगं फारसं का नाही? कारण पैसा तटबंदीत आणि फौजेत जात होता. १८१२-१३मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी मिळून या शहराला कित्येक महिने वेढा घातला होता. भोपाळचा कारभार पाहणाऱ्या वजीर मोहम्मद खानाने शहर राखलं, पण धसका राहिला. त्याचा मुलगा नजर मोहम्मद याने १८१८मध्ये इंग्रजांशी तह करून टाकला. पुढच्या वर्षी पिस्तुलाची गोळी लागून तो गेला आणि तान्ह्या मुलीच्या वतीने त्याची अठरा-एकोणीस वर्षांची विधवा कुदसिया बेगम गादी सांभाळू लागली. वेढा पडण्याची भीती संपली होती. तिने पहिल्याच वर्षी तळ्याकाठी महाल बांधायला काढला.

तो गौहर महाल. कमानी मुघल, खांब-तुळया हिंदू वळणाच्या, चौकात उभं राहिलं की एखाद्या सरदारी वाड्यात आल्यासारखं वाटतं. तिची मुलगी सिकंदर बेगम हिने दिल्लीच्या जामा मशिदीच्या धर्तीवर मोती मशीद बांधली. नात शाहजहान बेगम हिने ताज-उल-मसाजिद मांडली. १९०१ला ती वारली, पैसा आटला, आणि काम १९७१मध्ये पुन्हा सुरू होऊन १९८५ला संपलं. पणती सुलतानजहान अलीगढ विद्यापीठाची पहिली कुलपती. १८१९ ते १९२६, मधली काही वर्षं सोडली तर कारभार बायकांचा. शाळेत आपल्याला यांतली एकही शिकवली नाही, हे मला लागतं.

चौकातून इतवारा, बुधवारा करत जुमेराती दरवाज्याशी आलो. "हे तर आपल्या पेठांसारखंच!" भाचा म्हणाला. नावं तशीच, वारांची. फक्त इथे गुरुवार जुमेरात होतो.

दरवाज्यापलीकडे चहा घेतला. भोपाळी सुलेमानी चहा, चिमूटभर मिठाचा. पहिल्या घोटाला त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या कपाची ऑर्डर त्यानेच दिली आणि विचारलं, दोराहा किती लांब आहे, उद्या जाता येईल का.