उजवा हात जड आहे

लंबक नको, डोळ्यांत रोखून बघणारा जादूगार तर नकोच. जर्मन डॉक्टर योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ साली स्वसंमोहनाची साधी पद्धत पुस्तकातून मांडली. तिचं नाव ऑटोजेनिक ट्रेनिंग. संमोहित रुग्णांना हातपाय जड आणि ऊबदार वाटतात, असं दिसत होतं. मग हे ज्याचं त्याला का साधू नये?

खुर्चीत पोक काढून बसायचं, मान सैल, हात मांड्यांवर टेकलेले. गिऱ्हाईक नसलेला टांगेवाला पेंगतो तसं. डोळे मिटून मनात म्हणायचं, ‘उजवा हात अगदी जड आहे.’ पाचसहा वेळा. जड करायला गेलात की फसलंच! वाक्य म्हणावं आणि हाताकडे नुसतं लक्ष असू द्यावं. स्नायू सैलावले की जडपणा जाणवतो, त्वचेकडचं रक्ताभिसरण वाढलं की ऊब. हात-पाय जमल्यावर पुढे हृदय, श्वास, पोट, कपाळ. पहिल्या बैठकीत बहुधा काहीच होत नाही. रोजचा सराव काही आठवडे तरी हवा.

उठताना घाई नको. हात जोरात वाकवून ताणायचे, खोल श्वास घ्यायचा, मग डोळे उघडायचे. नाहीतर सुस्ती रेंगाळते. गाडी चालवताना अर्थातच हे करू नये.

परीक्षेची धास्ती, उडालेली झोप यांवर हा उपाय करून पाहण्याजोगा आहे. मात्र घाबरण्याचे झटके वारंवार येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं, आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.