गाव आधी की गट नंबर? डेटाबेसच्या इंडेक्समध्ये क्रमाला एवढं महत्त्व का?

महाभूलेखवर सातबारा पाहायचा असेल, तर आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव आणि त्यानंतर गट नंबर. उदाहरणार्थ अमरावती, वरूड, जरूड, गट ५७. गट ५७ पुसल्यालाही असू शकतो आणि बेनोड्यालाही. नुसत्या '५७' वरून शेत सापडत नाही.

डेटाबेसचा इंडेक्सही असाच असतो. इंडेक्स म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून क्रमाने लावलेली यादी. त्यात अनेक कॉलम असतील, तर यादी आधी पहिल्या कॉलमप्रमाणे लागते. पहिला कॉलम सारखा असेल, तिथेच दुसऱ्याचा क्रम पाहिला जातो.

समजा, तालुक्यातल्या फेरफार नोंदींचा इंडेक्स 'गाव, गट, तारीख' असा आहे. 'जरूड, गट ५७, २०२० नंतरचे फेरफार' विचारले की डेटाबेस थेट त्या जागी जातो आणि हव्या त्या नोंदी सलग मिळतात. आता क्रम 'गाव, तारीख, गट' करा. जरूडच्या २०२० नंतरच्या सगळ्या नोंदी चाळून त्यातून ५७ वेगळा काढावा लागेल. प्रश्न तोच, नोंदी त्याच, काम मात्र कितीतरी जास्त.

म्हणून साधा नियम असा: नेमकं मूल्य विचारलं जातं ते कॉलम आधी, 'पासून-पर्यंत' विचारलं जातं ते नंतर. क्वेरीत अटी कोणत्या क्रमाने लिहिल्या, याने सहसा फरक पडत नाही. फरक इंडेक्समधल्या क्रमाने पडतो.

आणि गावच दिलं नाही तर? तेव्हा हा इंडेक्स फारसा कामाचा राहत नाही. २०२५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये 'स्किप स्कॅन' आहे. त्यात डेटाबेस एकेका गावात उडी मारून ५७ शोधतो. गावं थोडी असतील तर हे जमतं, हजारो असतील तर नाही.

मग प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा इंडेक्स का करू नये? कारण नवा फेरफार नोंदवला की प्रत्येक इंडेक्समध्येही भर घालावी लागते. वाचन वेगवान होतं, पण नोंदणी मंदावते.

खरिपाच्या पीककर्जासाठी शेकडो शेतकरी एकाच वेळी उतारे काढू लागले, की एका शोधाला लागणारा जास्तीचा एक सेकंदही रांग वाढवतो. त्यामुळे नवा सर्व्हर घेण्याआधी लोक नेमकं काय विचारतात, ते पाहावं आणि इंडेक्समधला क्रम तपासावा.