काळोखाचा पत्ता: जुन्नर-आंबेगाव

हिंजवडीच्या टेरेसवरून तारे मोजायला बसलात, तर दोन्ही हातांची बोटं पुरतात! म्हणूनच अमावस्येच्या आसपासचा वीकेंड आला की आमची गाडी पुणे-नाशिक हायवेला लागते. नारायणगावला कडक चहा, मग डावीकडे जुन्नर. पुढे नाणेघाटाचं पठार, नाहीतर आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाचा काठ.

आकाशवाल्यांना हा भाग नवा नाही. नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, कारण इथे माणसांनी केलेला रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. त्यांना शांतता हवी होती, आपल्याला अंधार.

फोटोचं गणित सोपं आहे. भक्कम ट्रायपॉड, वाइड लेन्स, अ‍ॅपर्चर 2.8, आयएसओ 3200. फुलफ्रेम कॅमेऱ्यात 500 ला फोकल लेंग्थने भागा. 20 एमएमला 25 सेकंद येतात. शटर त्याहून जास्त वेळ उघडं राहिलं, तर पृथ्वी फिरतेय हे फोटोत दिसतं आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हातानेच लावा. रेघाच हव्या असतील तर उत्तरेला वळा. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर असतो. डोंगराचा कडा आणि तो, एकाच फ्रेममध्ये!

आकाशगंगेचा सगळ्यात झगमगता भाग मात्र दक्षिणेला. मार्चमध्ये पहाटे, मेमध्ये मध्यरात्रीनंतर. आणि जुन्नरच्या दक्षिणेला कोण? आपलं पुणं! शहर आणि चाकणच्या कारखान्यांचा पिवळट उजेड त्या फोटोच्या तळाशी हमखास येतो.

मागे आंबेगावात एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. काकांनी ट्रायपॉड पाहून चौकशी केली. म्हणाले, "आम्ही खांबावर दिवा लागावा म्हणून अर्ज करतो, आन् तुम्ही अंधार बघायला येता व्हय? मागं ऊस आहे दादा. वाघ असतो."

वाघ म्हणजे बिबट्या. धरणांमुळे इथे पाणी आलं, पाण्यामुळे ऊस आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. शेतीची वीज रात्रीची आली की पाणी द्यायला रात्रीच शिवारात जावं लागतं. अशा वेळी तो दिवा चैन नसते.

म्हणून आमचा नियम ठरलाय: वस्तीवरचा दिवा बंद करायला कोणाला सांगायचं नाही. फ्रेम बदलायची. तसंही आकाश बिघडवतो तो गोठ्यावरचा एक बल्ब नव्हेच. रात्रभर जळणारी आपली होर्डिंग्ज आणि वर उजेड फेकणारे आपल्या सोसायट्यांचे दिवे. दिव्याला वरून झाकण लावलं, तर उजेड हवा तिथे, जमिनीवर पडतो. पुढच्या सोसायटी मीटिंगला हा विषय काढाच.

आणि जाताना? एकटे जाऊ नका, उसाच्या कडेला बसू नका, गाडी जवळ ठेवा, गावात सांगून जा. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्या. टॉर्चला लाल कागद लावा आणि थर्मासभर चहा न्या. रात्र मोठी असते!