अंधाऱ्या दिवसांतील मेणबत्त्या

महाराष्ट्रांत हिंवाळा हा सुखाचा ऋतु मानला जातो. सकाळचें कोंवळें ऊन अंगावर घ्यावयास मनुष्य आपण होऊन अंगणांत येऊन बसतो. उत्तर युरोपांतील हिंवाळा याहून अगदीं निराळा. मुंबईस वर्षांतील सर्वांत लहान दिवसही सुमारें अकरा तासांचा असतो. जर्मनींतील हांबुर्ग शहरीं तो साडेसात तासांवर येतो. सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, चार वाजतां मावळतो, आणि मधल्या वेळींही पुष्कळदां ढगांआड असतो. अशा दिवसांत मन खिन्न झालें तर नवल नाहीं. ख्रिस्ती श्रद्धा अशा वेळीं मनुष्यास कोणती आशा देते, हें समजण्यास त्याच शहरची एक हकीकत उपयोगी पडते.

नाताळापूर्वीं जे चार रविवार येतात, त्यांच्या काळास ख्रिस्ती पंचांगांत ‘आगमनकाळ’ म्हणतात. हा वाट पाहण्याचा काळ. योहान हिन्रिख विखेर्न (१८०८–१८८१) या धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणानें १८३३ सालीं हांबुर्गनजीक निराधार व उपेक्षित मुलांसाठीं ‘राउहेस हाऊस’ नांवाचा आश्रम काढला. ‘नाताळ केव्हां येणार?’ हा तेथील मुलांचा रोजचा प्रश्न. त्याचें उत्तर म्हणून १८३९ सालीं विखेर्ननें एक लाकडी चाक टांगून त्यावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारासाठीं मोठ्या पांढऱ्या, इतर वारांसाठीं लहान तांबड्या. त्या वर्षीं पहिला रविवार १ डिसेंबरला आला. म्हणजे नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चार मोठ्या व वीस लहान. रोज एक नवी मेणबत्ती पेटे. घरोघर दिसणारें चार मेणबत्त्यांचें हिरवें कडें या चाकापासूनच पुढें रूढ झालें.

या योजनेंतील मर्म सहज ध्यानांत येत नाहीं. ज्या दिवसांत मेणबत्त्या वाढत होत्या, त्याच दिवसांत बाहेरचा उजेड घटत होता. चौथी मोठी मेणबत्ती पेटली ती २२ डिसेंबरला, वर्षांतील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास. अंधार ओसरल्यावर दिवा लावावा, असें ही श्रद्धा सांगत नाहीं; ज्याची वाट पाहावयाची तो अंधारांतच येतो, गोठ्यांत जन्म घेतो, असें ती सांगते.

यावर कोणी म्हणेल, ही तर सूर्य परत येण्याचीच आशा. तिला धर्माचें नांव दिलें इतकेंच. रोमन पंचांगांत २५ डिसेंबर हा दक्षिणायनाच्या अखेरचा दिवस गणला जाई, आणि रोम येथें त्या दिवशीं ख्रिस्तजन्म मानीत असल्याचा उल्लेख ३३६ सालचा आहे, हें खरें. शुभवर्तमानांत जन्माची तिथि नाहीं, महिनाही नाहीं. पण ऑस्ट्रेलियांत नाताळ भर उन्हाळ्यांत येतो, आणि तेथील ख्रिस्ती मनुष्याची आशा कमी होत नाहीं. लहान दिवस हा त्या आशेचा दृष्टांत आहे, आधार नव्हे.

चोवीस मेणबत्त्या पेटल्या म्हणून त्या मुलांचें दारिद्र्य सरलें नाहीं. जानेवारीची थंडी पुढें होतीच. परंतु ज्यांची वाट कोणी पाहत नव्हतें, अशा मुलांना वाट पाहण्याजोगें कांहीं मिळालें, आणि तें एकट्यानें नव्हे, सर्वांसह पाहावयास मिळालें. दुःख नाहींसें झालें असें न म्हणतां उद्यांचा दिवा आज तयार ठेवणें, हीच या श्रद्धेची आशा होय.