गोळी आधी की चहा?

संप्रेरकांची गोष्ट : लेखांक ९

मागच्या लेखात थायरॉईडच्या गोळीबद्दल लिहिताना चहाचं नाव ओझरतं येऊन गेलं. त्यावर जी पत्रं आली त्यांत थायरॉईडची चौकशी थोडी आणि चहाचीच जास्त. ‘पीसीओडी निघालंय, चहा बंद करू का?’ ‘पाळी जायच्या वयात कॉफी चालते का?’ एका ताईंनी तर नमस्कार-चमत्कार न करता एका ओळीत विचारलंय : ‘किती कप, ते एकदा सांगून टाका.’

सांगून टाकते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली जो हिशेब मांडला, त्यानुसार निरोगी प्रौढ माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घ्यायला हरकत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसभराची मर्यादा २००. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत सरसकट ३०० चा आकडा धरला आहे. थायरॉईड, पीसीओडी किंवा रजोनिवृत्तीसाठी वेगळा आकडा कुठल्याही मोठ्या संस्थेने दिलेला नाही. समाजमाध्यमांवर असे आकडे छातीठोकपणे फिरतात, ते कुणीतरी मनाने ठरवलेले असतात.

पण आकडा मिलिग्रॅममध्ये आणि आपण पितो कपात. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे दीडशे मिलीलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं. टपरीवरचं कटिंग या दीडशेच्या निम्मंही भरत नाही. उलट ऑफिसातला मग काठोकाठ भरला की दोन कपांच्या घरात जातो. ‘मी फक्त दोनदाच घेते’ म्हणणारी आणि ‘माझे पाच-सहा होतात’ म्हणणारी, दोघींच्या पोटात जाणारं कॅफिन सारखंच असू शकतं.

यापेक्षा सोपा हिशेब किराणाच्या यादीत आहे. कोरड्या चहा पावडरीत वजनाच्या साधारण तीन टक्के कॅफिन असतं. आमच्या घरी चहा पिणारे तिघं, आणि महिन्याला अर्धा किलो पावडर लागते. म्हणजे महिन्याचं कॅफिन पंधरा ग्रॅम, दिवसाचं ५०० मिलिग्रॅम, माणशी १६७. तेही सगळं पाण्यात उतरतं असं धरून, आणि आल्यागेल्याचा चहा आमच्याच नावावर टाकून. तुमच्या घरचं गणित करून पाहा. नुसत्या चहावर माणशी ४०० ओलांडणारं मराठी घर मला तरी विरळाच दिसतं. आकडा फुगतो तो कॅफेतल्या दोन शॉटच्या कॉफीने, एनर्जी ड्रिंकच्या डब्याने (आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे) आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांनी, ज्यांत कॅफिन असतं हे पाकीट वाचल्याशिवाय कळत नाही. ग्रीन टीमध्येही असतं. ‘चहा सोडला, आता ग्रीन टी घेते’ हे वाक्य ऐकलं की मला हसू आवरत नाही. झाड तेच, पान तेच.

तर बहुतेकींचा कपांचा आकडा मर्यादेत आहे. मग हार्मोन्सचा त्रास असणाऱ्यांनी निश्चिंत राहावं का? नाही. कॅफिन हार्मोन्सचं काय करतं, हे सगळे विचारतात. हार्मोन्स कॅफिनचं काय करतात, हे कुणी विचारत नाही, आणि खरी गंमत तिथे आहे.

पोटात गेलेलं कॅफिन यकृत मोडून काढतं. ते काम मुख्यतः एकाच एन्झाइमचं, त्याचं नाव सीवायपी-१ए२. साधारण माणसात घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाचेक तासांत संपतं. हे एन्झाइम इस्ट्रोजेनपुढे मंदावतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत निम्मं कॅफिन संपायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. आता आठवा, पीसीओडीत पाळी नियमित करण्यासाठी महिनोन्‌महिने दिल्या जातात त्या गोळ्या कोणत्या? नाव काहीही असो, बहुतेक वेळा आत इस्ट्रोजेन असलेल्या याच जातीच्या. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन तोंडावाटे घेणाऱ्यांतही तसाच प्रकार दिसतो. आणि गरोदरपणात तर शेवटच्या महिन्यांत निम्मं कॅफिन जायला पंधरा तासही लागू शकतात. तिथली मर्यादा अर्ध्यावर का आणली, ते यावरून काही अंशी कळेल. उरलेलं कारण असं की कॅफिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि बाळाला ते मोडता येत नाही.

दोन बहिणी धरा. दोघी संध्याकाळी सहाला एकाच पातेल्यातला चहा घेतात, प्रत्येकीच्या वाट्याला ६० मिलिग्रॅम. धाकटी पीसीओडीसाठी गोळ्या घेते, थोरली कुठलंच औषध घेत नाही. रात्री अकराला थोरलीच्या अंगात ३० मिलिग्रॅम उरलंय. धाकटीच्या अंगात ३० उरायला पहाटेचे चार वाजतात. ती रात्रभर कूस बदलते, सकाळी आंबलेली उठते आणि तरतरीसाठी जास्तीचा कप घेते. तिची झोप ‘हार्मोन्समुळे’ बिघडली असं घरात सगळे म्हणतात. एका अर्थी ते खरंही आहे, फक्त दोष त्या सहाच्या चहाचा आहे. गोळ्या सुरू केल्यापासून झोप उडाली असेल तर शेवटचा कप दुपारी दोनच्या आत आणून पंधरा दिवस बघावं. आणि अशा गोळ्यांवर असताना दिवसाला २०० च्या आसपास थांबावं, हे माझं मत. ते कुठल्या संस्थेचं नाही, वरच्या गणितातून निघालेलं आहे.

(जाता जाता पुरुषवाचकांसाठी. हेच एन्झाइम सिगारेटच्या धुराने जोरात चालतं. सिगारेट सोडली की ते पूर्वीच्या गतीवर येतं आणि नेहमीचाच चहा एकाएकी चढल्यासारखा वाटतो. तेव्हा होणाऱ्या धडधडीला सगळेच सिगारेट सुटल्याची तडफड समजतात.)

आता थायरॉईडची गोळी. थायरॉईड कमी पडत असेल तर जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात, तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. २५, ५०, १००. ग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. इतक्या बारक्या मात्रेतलं थोडंसंही आतड्यातून शोषलं गेलं नाही तरी फरक पडतो. २००८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांचा टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) गोळी वाढवूनही आटोक्यात येत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, ही मंडळी गोळी एस्प्रेसोच्या घोटाबरोबर किंवा तिच्या लगेच आधी घेत होती. गोळी पाण्याबरोबर आणि कॉफी तासाभराने, एवढाच बदल केला आणि टीएसएच ताळ्यावर आला. यात दोष कॅफिनचा नव्हता, कॉफी गोळीला पोटात अडवत होती. आपल्या चहात तर त्याहून जास्त काही असतं. दूध असतं, म्हणजे कॅल्शियम आलं, आणि तेही या गोळीची वाट अडवतं.

आपल्याकडची सकाळ कशी असते ते सांगायला नको. डोळे उघडले की आधी गॅसवर आधण. गोळीची डबी ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारीच, म्हणजे विसरायला होत नाही. चहाचा पहिला घोट, गोळी, दुसरा घोट. सहा महिन्यांनी रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला, मग पन्नासची गोळी पंचाहत्तर होते, पंचाहत्तरची शंभर. चिठ्ठीवरचा आकडा चढत जातो आणि चहाचा विषय निघतच नाही. गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. तासाने घेतला तर उत्तम. सकाळ मोकळी मिळतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीनेक तासांनी, झोपताना गोळी घेण्याची सोय काही डॉक्टर करून देतात. ते त्यांना विचारूनच.

आणि एक सावधगिरी, जी सहसा कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षं चहाबरोबर गोळी घेऊन तुमचा रिपोर्ट आज नीट येत असेल, तर तुमचा डोस त्या चहासकट बसवलेला आहे. उद्यापासून अचानक पाण्याबरोबर घ्यायला लागलात तर तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हातांना कंप, घाम, असं काहीतरी सुरू होईल. बदल जरूर करा, पण डॉक्टरांना सांगून, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून. ज्यांचं थायरॉईड मुळातच जास्त चालतं त्यांना ही धडधड आणि कंप आधीच असतात. औषधांनी पातळी जागेवर येईपर्यंत त्यांनी चहा-कॉफी एखाद्या कपावर आणलेली बरी.

पीसीओडीत अडचण इन्सुलिनची असते. ते स्रवतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. कॅफिन घेतल्यावर काही तास ही दाद आणखी थोडी कमी होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दुसरीकडे, वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांत टाइप दोनचा मधुमेह कमी आढळतो, असं मोठमोठ्या पाहण्या सांगतात. या दोन्हींतून ‘चहा बंद’ असा निष्कर्ष मला काढता येत नाही. साखरेबद्दल मात्र येतो. कपाला दोन चमचे म्हणजे आठ ते दहा ग्रॅम. पाच कपांत चाळीस ते पन्नास ग्रॅम, बुडवलेली खारी आणि बिस्किटं वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत, जमल्यास पंचवीसच्या आत ठेवायला सांगते. बाटलीतल्या सरबताला नाक मुरडणाऱ्या बायका चहातून तेवढीच साखर घेतात. पीसीओडी असलेल्या मुलीचा चहा तोडण्याआधी साखर अर्ध्यावर आणा; आठ-दहा दिवस चहा पाणचट लागेल, मग जिभेला सवय होईल.

इस्ट्रोजेनबद्दल अमेरिकेत अडीचशेच्या आसपास निरोगी स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेणाऱ्या आशियाई वंशाच्या स्त्रियांत इस्ट्रोजेन किंचित जास्त, तर गोऱ्या स्त्रियांत किंचित कमी दिसलं. बीज बाहेर पडण्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. त्या पाहणीत आशियाई स्त्रिया थोड्याच होत्या, तेव्हा त्यावरून आपल्या स्वयंपाकघरात फतवे काढू नयेत.

कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनचा तर सध्या बाजारच मांडलाय. कॅफिनने ते वाढतं, हे खरं. पण रोज पिणाऱ्यांचं शरीर सकाळच्या कपाला सरावतं आणि त्या कपाने कॉर्टिसोल फारसं हलत नाही. उठल्यावर दीड तास चहा घेऊ नये, या सध्याच्या सल्ल्याला भक्कम आधार नाही. ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या’ नावाचं निदान हार्मोन्सचे डॉक्टर मानत नाहीत. थायरॉईडची गोळी नसेल तर तुमचा सकाळचा पहिला चहा खुशाल घ्या.

रजोनिवृत्तीत अंगातून वाफा येण्याचा त्रास कॅफिन घेणाऱ्यांत जास्त नोंदवला गेलाय, पण सगळ्यांना तसं होत नाही. आठवडाभर कमी करून स्वतःवरच पाहावं. हाडांची भीती मात्र अवाजवी आहे. एका कपाने लघवीवाटे जे कॅल्शियम जातं ते दोन-तीन चमचे दुधात भरून निघतं, आणि आपला चहा दुधातलाच. रक्त कमी असेल तर गोष्ट वेगळी. चहातली टॅनिन अन्नातलं लोह अडवतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत. पाळीत जास्त रक्त जात असेल तर जेवणावर लगेच चहा नको, आधी-नंतर तासभर सोडावा. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. थायरॉईडच्या गोळीपासूनही ती चार तास लांब ठेवावी.

कमी करायचं ठरवलं तर एका झटक्यात नको. चोवीस तासांच्या आत डोकं ठणकायला लागतं आणि ते पाच-सात दिवसही टिकतं. आठवड्याला एक कप, या गतीने उतरावं. उपवासाला चहा चालतो, ही सोय आपल्या पूर्वजांनी बहुधा याच डोकेदुखीतून शोधली असावी!

पुढच्या आठवड्यात प्रोलॅक्टिन. तोवर एक करा. टीएसएचचा रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेता, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.