वाटूरहून महाविद्यालयाकडे: खर्चाची पूर्वतयारी

परतूर तालुक्यातील वाटूरच्या ज्या शेतकरी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न कापूस-सोयाबीनच्या सुगीवर अवलंबून असते, त्याच्यासमोर महाविद्यालयाची फी नेमकी पेरणीच्या ऐन खर्चात उभी राहते; म्हणून तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला निकालापूर्वीच हस्तगत करणे अगत्याचे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांस प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले, ही मोठीच गोष्ट. परंतु खोलीभाडे आणि खाणावळ यांचा भार घरावरच राहतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. रोज जालन्यास ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास एस.टी.चा मासिक पास दोन-तृतीयांश सवलतीने मिळतो.