घाम गाळणाऱ्यालाही बीपी असतो

2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील 15 वर्षांवरील सुमारे 24 टक्के पुरुषांचा आणि 21 टक्के महिलांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांच्या गोळ्या सुरू होत्या. शहरापेक्षा खेड्यातले प्रमाण थोडेच कमी आहे. तरीही बीपी हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत गावोगावी पक्की आहे.

गैरसमज : शेतात राबणाऱ्याला बीपी होत नाही.
वस्तुस्थिती : कष्टाचा फायदा होतो, पण ते कवचकुंडल नव्हे. वाढते वय, आनुवंशिकता, मूत्रपिंडाचे विकार, दारू आणि मीठ यांवर नुसत्या घामाचा उतारा चालत नाही. चुना लावून मळलेली तंबाखू असो की बायका दातांना लावतात ती मिश्री, निकोटीन रक्तदाब चढवते आणि हृदयाचा धोका वाढवते.

गैरसमज : भाजीत मीठ बेताचेच असते, मग काळजी कशाला?
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचमच्याहून कमी मीठ खावे. या हिशेबात लोणचे, ठेचा, फरसाण आणि कोकणातली खारवलेली सुकी मासळीही धरायची. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असल्याने तेही मोजूनच खावे.

गैरसमज : डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही.
वस्तुस्थिती : वाढलेला रक्तदाब बहुतेकांना वर्षानुवर्षे जाणवतच नाही. काहींच्या बाबतीत तो थेट लकवा किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावरच कळतो. मोजणे हाच एक मार्ग.

गैरसमज : शिबिरात एकदा जास्त भरला, म्हणजे बीपी झालाच.
वस्तुस्थिती : उन्हातून चालत येऊन, चहा पिऊन लगेच मोजला तर आकडा फुगतो. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलू नये. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब.

गैरसमज : गोळीची सवय लागते; बरे वाटले की थांबवावी.
वस्तुस्थिती : गोळीचे व्यसन लागत नाही. आकडा उतरतो तो गोळीमुळे. ती सोडली की बहुतेकांचा पुन्हा चढतो. लसूण खायला हरकत नाही, पण तो गोळीची जागा घेत नाही. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या पायांवर सूज येते. तसे झाल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात.

गैरसमज : उपचार म्हणजे तालुक्याच्या खेपा आणि खर्च.
वस्तुस्थिती : तिशीनंतरच्या सर्वांची तपासणी गावच्या उपकेंद्रात मोफत होते आणि नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आधी निवडले गेले. ठरलेली औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि न येणाऱ्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढ्या साध्या गोष्टींवर त्याचा भर आहे.

तुमचे वय तिशीपुढे असेल, तर याच आठवड्यात उपकेंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या. आकडा कागदावर लिहून मागा, आणि जाताना घरातल्या मोठ्यांनाही सोबत न्या.